चिठ्ठी उजवीकडे

बिराप्पानं काचांवरच्या चिठ्ठ्या काढल्या मंगळवारी, आणि विजयमालाला ते कळलं शुक्रवारी. मधले दिवस ती मिरजेत आईच्या उशाशी होती. जाईबाईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. शुक्रवारी सकाळी तिनं आईला सांगलीच्या आपल्या खोलीवर आणलं, दोन्ही डोळ्यांवरची हिरवी पट्टी सारखी केली, शेजारच्या रंगूबाईंना "जरा कान असू द्या हो इकडं" म्हणून सांगितलं आणि ती कॉलेजात आली.

भूगर्भशास्त्राच्या विभागात ती सहायक होती. शिकवायचे तास सोडून उरलेली अडीच वर्षं तिनं एका लाकडी डब्यात घातली होती. डब्यात अठरा काचा. प्रत्येक काचेवर धुळीहून बारीक असे हजारो कण. तिनं कपाटातून डबा काढला, झाकण सरकवलं, आणि आपल्याच लेकराच्या हातावर दुसऱ्या घराचं नाव गोंदलेलं दिसावं तशी ती थिजली.

काचा तिच्याच होत्या. कडांना फिरवलेलं गुलाबी नखपॉलिशही तिचंच. आयुष्यात एक नख तिनं कधी रंगवलं नव्हतं, पण काचेच्या कडा हवाबंद करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून सांगलीच्या पेठेतून तिनं बाटल्यांवर बाटल्या आणल्या होत्या. दुकानदारीण डोळा मिचकावून म्हणायची, "बाई, लय हौस!" हौस ही अशी. पण तिच्या हातच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या आणि त्या जागी टाइप केलेल्या पांढऱ्याशुभ्र चिठ्ठ्या बसल्या होत्या. काचेचा आकडा, आणि खाली 'डॉ. ला. ग. पिसाळ, विभागप्रमुख.' अठराच्या अठरा.

तिच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी असत. काचेचा आकडा, 'अ. स.' ही दोन अक्षरं, आणि चिमणीच्या पावलाएवढा एक बाण.

बाण असा की, विजयमाला डावरी. काच मायक्रोस्कोपखाली सरकवताना चिठ्ठीला बोट लागू नये म्हणून मोकळं टोक धरायचं असतं. सगळं जग ते उजव्या हातात धरतं, त्यामुळं चिठ्ठी डावीकडे येते. ही डाव्या हातात धरायची, त्यामुळं हिची चिठ्ठी उजवीकडे. मायक्रोस्कोपच्या पाटावर दोन पट्ट्या असतात, एक आडवी, एक उभी. त्यांवरचे दोन आकडे वहीत लिहून ठेवले की तो कण पुन्हा हवा तेव्हा सापडतो, आळी आणि घरनंबर माहीत असला की माणूस सापडतो तसा. पण काच उलट्या तोंडानं लावली तर आकडे तेच राहतात आणि गावच दुसरं लागतं. म्हणून बाण. आणि जिथं मोलाचा कण असेल तिथं काचेवर काळ्या शाईचं बारीकसं कडं.

शाईची ती कडीपण पुसलेली होती.

"बिराप्पा!" तिनं हाक मारली. ती हाक नव्हतीच, काहीतरी फुटल्याचा आवाज होता.

शिपाई बिराप्पा जतकडचा. मराठी बोलताना मधेच त्याचं कानडी डोकावायचं. तो दारात येऊन उभा राहिला तो खाली मान घालून. "यक्का, माझ्यावर राग नगा धरू. सर म्हनले, कोमट पान्यात घाल, जुन्या चिठ्ठ्या काढ, काचा लख्ख पूस. पावना येनार हाय शनवारी. म्या इचारलं, यक्काला इचारू का? तर म्हनले, तुझी नोकरी यक्काकडं हाय का माझ्याकडं?"

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

बिराप्पानं खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. झाकण उघडलं. आत वाळलेल्या, कडा मुडपलेल्या अठरा चिठ्ठ्या होत्या. "लिवलेलं कागूद केरात टाकाय हात हुईना बगा. लिवलेलं पायाखाली येऊ नये, आमची अव्वा सांगायची."

तिनं डबी मुठीत धरली. पत्रा तळहाताला रुतेपर्यंत धरली.

मग ती सरांच्या टाइपरायटरपाशी गेली. शेजारी कार्बन प्रत पडली होती, चौदा पानांची, इंग्रजीत. ती उभ्यानंच वाचत गेली. वर्णन तिचं. मापं तिची, मातीतल्या एक्केचाळीस सूक्ष्म कोषांची एक्केचाळीस मापं, दशांशासकट. आकृत्या तिच्या. लेखक एकच, डॉ. पिसाळ. 'काळ्या चिकणमातीचा नमुना प्रस्तुत लेखकाने कोकणातील एका विहिरीतून स्वतः गोळा केला.' आणि त्या कोषवाल्या जीवाच्या नव्या जातीचं नाव? संस्थेचे अध्यक्ष नानासो यांच्या गौरवार्थ, 'नानासोई'.

शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, ती होती. 'काचा धुण्याच्या कामी मदत केल्याबद्दल कु. सरतापे यांचे आभार.'

त्या विहिरीत डॉ. पिसाळ कधी वाकूनसुद्धा बघायला गेले नव्हते. त्या विहिरीत कोण उतरला होता ते विजयमालाला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं, बाप धोंडिरामला ठाऊक होतं. जगातल्या कुठल्याच कागदाला ठाऊक नव्हतं. तेच तर तिचं दुखणं होतं.

सरतापे मंडळी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. पाऊस त्या गावाला आठवण आली तर यायचा. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडून जगलं, आणि ज्यांच्या मनगटाला पहारीची सवय लागली ते मग विहिरी खोदायला कोकणात उतरू लागले. धोंडिराम गेला आणि त्याच्याबरोबर विजयमालाचा धाकटा भाऊ अर्जुना गेला. चौऱ्याहत्तरचा मार्च होता. एके दिवशी गावाकडच्या एका माणसाच्या हाती अर्जुनानं सांगलीला एक गाठोडं धाडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काळं ढेकूळ, आणि वहीच्या पानावर चार ओळी. 'आक्के, जांभा दगड संपला आन खाली ही चिकन माती लागली. तीस हातावर. वास घेऊन बघ, समींदराचा येतोय. समींदर तर लय लांब हाय. तुजं दगडाचं शिक्षान हाय तर सांग, ह्यो वास हितं कसा आला?'

पुढच्याच महिन्यात त्याच मातीची भिंत अर्जुनावर कोसळली. एकोणीस वर्षांचा होता.

धोंडिराम ठेकेदाराकडं गेला. ठेकेदारानं हजेरीपट उघडून त्याच्यासमोर धरला. "बघ बाबा. अर्जुना सरतापे असं नावच न्हाई ह्यात. आमच्याकडं असा कुनी कामाला नव्हताच." धोंडिरामला वाचता येत नव्हतं. तो नुसता त्या कागदाकडं बघत राहिला. घरी आल्यावर त्यानं जाईबाईला एवढंच सांगितलं, "कागदावर न्हाई म्हंत्यात त्यो." जाईबाई जात्यावर बसायची तेव्हा त्यानंतर एकच ओवी पुन्हा पुन्हा यायची:

काळ्या चिकनीच्या पोटी, माझा हिरा गं दडला
नाव इचाराया गेले, कागुद कोरा गं घावला.

ते ढेकूळ विजयमालानं कितीतरी महिने ट्रंकेत ठेवलं. मग एक दिवस अर्जुनाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय असं तिला वाटलं. तिनं मातीचा पाव हिस्सा घेतला आणि आम्लात घातला. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या भांड्यात. विभागातला धुराचा पंखा बंद, म्हणून नाकाला पदर बांधून उघड्या खिडकीपाशी. डाव्या तर्जनीवरचा पांढरा डाग तेव्हाचा. आम्लात दगडमाती सगळी विरघळते आणि मागं राहतं ते एके काळी जिवंत असलेलं. ते बारीक जाळीतून गाळायचं, थेंबभर पाण्यात घ्यायचं आणि सुईला स्वतःच्या पापणीचा केस चिकटवून त्या केसानं एकेक कण उचलायचा. पापण्या किती गेल्या त्याचा हिशोब नाही.

आणि एका दुपारी भिंगाखाली तो दिसला. मधाच्या रंगाचा गोल कोष, केसाच्या जाडीएवढा. कमरेला पट्टा. अंगभर काटे, आणि प्रत्येक काट्याचं टोक तिहेरी फुटलेलं, बदकाच्या पायासारखं मधे पडदा असलेलं. पाठीवर एक दार, उघडं.

गावी गेल्यावर तिनं बापाला ते समजावलं होतं. "आबा, ह्याला डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. समुद्रातला जीव. दोन शेपट्या असतात, भोवऱ्यागत फिरत पोहतो. वाईट दिवस आले की अंगाभोवती घट्ट कोष करतो आणि तळाला जाऊन निजतो. बरे दिवस आले की दार उघडून निघून जातो. मागं उरतो तो कोष. कोटभर वर्षं तसाच."

धोंडिरामनं चिलीम बाजूला ठेवली. "म्हंजे आपल्या माणातल्या घरागतच की गं. दार उघडं टाकून मानूस ममईला."

"तसंच. आणि दार कुठलं उघडलं त्याच्यावरनं जात ओळखायची. काटे सारखे असतात, ते फसवतात. ह्याच्या अंगावर पत्रे असतात. ओळखीच्या जातीचा पाठीवरचा एकच पत्रा निघतो. ह्याचे दोन निघालेत, जोडीनं. असा आजवर कुणी पाहिला नाही, आबा. नवा आहे. ह्याला नाव द्यावं लागतं. ज्यानं नमुना पहिल्यांदा आणला त्याचं नाव द्यायची रीत आहे."

धोंडिरामनं विझलेली चिलीम पुन्हा उचलली. मग म्हणाला, "त्ये कागदावर ऱ्हाईल का?"

"छापून. जगभर. कुणाला खोडता येणार नाही."

हे तिनं बापाला सांगितलं होतं. आणि आता तिच्या हातातल्या कार्बन प्रतीवर 'नानासोई'.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही. डॉ. पिसाळ उद्याच्या पाहुण्यासाठी हाराची मापं सांगत होते. तिला बघून त्यांनी गुंडा माळ्याला हातानंच जायला सांगितलं.

"सर, हे काय आहे?"

"अरे, आलीस? आईचा डोळा कसा आहे?"

"आईचा डोळा बरा होईल. हे काय आहे?"

"पेपर आहे," पिसाळ शांतपणे म्हणाले. "सरतापे, बस. डोकं तापवून घेऊ नकोस. संशोधन विभागाचं असतं, एकट्याचं नसतं. मायक्रोस्कोप विभागाचा, आम्ल विभागाचं. मी तुला काम करू दिलं. दुसऱ्या कुणी दिलं असतं का? तुमच्या वस्तीतली किती पोरं इथवर येतात, सांग बघू."

ती बसली नाही. "येतात ती स्वतःच्या पायांनी येतात, सर. आणि मातीचं ढेकूळ? तेही विभागाचं? माझा भाऊ त्या विहिरीत मेला. तुम्ही लिहिलंय, तुम्ही गोळा केलं!"

"शास्त्रात भावना आणायच्या नसतात. आणि नानासोंना मी शब्द दिलाय. नव्या प्रयोगशाळेचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आहे. त्यात तुझंही भलं आहे." त्यांनी कागद सारखे केले. "उद्या नागपूरचे डॉ. पांढरीपांडे येतायत. नियतकालिकाचे संपादक. होलोटाइप स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नवी जात छापत नाहीत. जुन्या वळणाचा माणूस."

होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावर नवी जात उभी राहते, तो. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी त्यानं त्याच एका कणापाशी परत यायचं. तिचा तो कण सातव्या काचेवर होता. वहीत आकडे होते, ते पिसाळांनी पेपरात जसेच्या तसे उतरवले होते. बाण मात्र तंबाखूच्या डबीत होता.

रागातही तिच्यातली काम जाणणारी बाई जागी होती. ती म्हणाली, "सर, सातवी काच लावताना एक लक्षात..."

"काच लावायला काय अक्कल लागते, सरतापे?" पिसाळांनी तिला तोडलं. "पंचवीस वर्षं लावतोय मी."

ते खरं नव्हतं. गेली अडीच वर्षं काच तीच लावून द्यायची. सर यायचे, एक डोळा मिटायचे, "हं" म्हणायचे आणि जायचे.

"उद्या तू मागं थांब," पिसाळ म्हणाले. "पुढं पुढं करू नकोस. काचा धुवायला लागल्या तर बोलावीन."

विजयमालानं तोंड मिटलं. असं मिटलं की दात दाताला लागले. बरं, म्हणाली ती मनात. धुवायलाच बोलवा.

त्या रात्री तिनं आईला भात भरवला. पट्टीआडून जाईबाई म्हणाली, "हात का कापतोय गं तुजा?"

"दमलेय."

"दमल्याचा हात असा कापत न्हाई."

तिनं पुढचा घास आईच्या तोंडाशी नेला.

शनिवारी अकराला पाहुणे आले. डॉ. पांढरीपांडे किडकिडीत, जाड चष्म्याचे, खादीच्या सदऱ्यातले. हार घालून घेताना असे अवघडले की जणू कुणी त्यांना दोर बांधतंय. अध्यक्ष नानासो आधीच येऊन बसले होते. पांढरा फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा, उसाच्या फडावरून थेट आलेले. चहा झाला, बिस्किटं झाली. विजयमाला कपाटाशी, बिराप्पाच्या शेजारी उभी होती.

"चला, दाखवा तुमची पोरगी," पांढरीपांडे मायक्रोस्कोपकडं वळत म्हणाले. नव्या जातीला ते पोरगी म्हणत.

पिसाळांनी सातवी काच उचलली. मोकळं टोक उजव्या हातात, चिठ्ठी डावीकडे. आकडे जुळवले. भिंगात पाहिलं. पुन्हा आकडे पाहिले. पुन्हा भिंगात पाहिलं.

"सापडलं का?"

"हो, हो... जरा... हे काय, इथंच..."

नानासोंनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, ठेवलं. पिसाळांच्या कपाळावर घाम आला. आकड्यांवर बुरशीचं एक बीज होतं, काळं, गोल, बिनकाट्याचं. ते इकडं सरकले, तिकडं सरकले. काचेवर हजारो कण, आणि ओळखीचं एकही तोंड नाही. पाऊण तास गेला. मग एकदम ते हर्षानं म्हणाले, "हा बघा! काटे बघा!"

पांढरीपांडे वाकले. बराच वेळ वाकून राहिले. सावकाश सरळ झाले. "काटे आहेत. पण हा तर जुनाच गडी आहे. तुम्ही लिहून राहिले दोन पत्र्यांचं दार, ह्याचं तर एकच निघालं आहे. एका पत्र्याची जात पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे सगळ्यांना. ह्याच्यासाठी मला नागपूरहून बोलावलं काय?"

"नाही, नाही, हा नव्हे... म्हणजे, तसं पाहिलं तर..." पिसाळांनी मागं वळून पाहिलं. "सरतापे! तू काचा नीट ठेवल्या नाहीस. आकडे चुकवलेस वहीत!"

तेव्हा ती पुढं आली.

इतकी वर्षं ती खोलीत चालायची ती भिंतीच्या कडेनं. आज मधून आली. नानासोंच्या खुर्चीला पदर घासला, तिनं सावरला नाही. "आकडे चुकले नाहीत, सर. माणूस चुकला."

"काय बोलतेस?"

"बाजूला व्हा. काच लावते. धुवायला नाही, लावायला आलेय."

पिसाळ बाजूला झाले, कारण पाहुणा बघत होता. तिनं सातवी काच काढली, उलट्या तोंडानं फिरवली आणि मोकळं टोक डाव्या हातात धरून पाटावर सरकवली. चिठ्ठी उजवीकडे. तेच आकडे लावले. भिंगात तिनं पाहिलंसुद्धा नाही. "बघा."

पांढरीपांडे वाकले. या वेळी फारच वेळ वाकून राहिले. स्क्रू हळूहळू फिरवत राहिले, वर, खाली. आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अरे बापा. दोन पत्रे. जोडीनं. आणि बदकाचे पाय." मग मान वर करून, "चिठ्ठी उजवीकडे का?"

"मी डावरी आहे."

"ते दिसून राहिलं. मी विचारतो, ह्या आकड्यांसाठी चिठ्ठी उजवीकडे लागते हे पेपरात का नाही?"

"ज्यांनी पेपर लिहिला त्यांना ठाऊक नव्हतं." तिनं तंबाखूची डबी काढली आणि पालथी केली. अठरा चिठ्ठ्या टेबलावर पडल्या, पांढऱ्या मेजपोशावर तंबाखूचा भुगा सांडला. सातवी तिनं बोटानं पुढं सारली. "ही खरी चिठ्ठी. हा बाण. तो उजवीकडे राहिला पाहिजे. आणि 'अ. स.' म्हणजे अर्जुना सरतापे. माझा भाऊ. ह्या मातीचं ढेकूळ त्यानं वर काढलं, तीस हात खोलीवरनं, आणि महिन्याभरानं ही माती त्याच्या अंगावर आली. त्याचं नाव तिथल्या हजेरीपटावर नव्हतं. आता इथंही नाही. एका माणसाला किती वेळा पुसायचा, सर?"

"सरतापे, आवाज!"

"आवाजच उरलाय माझा. बाकी सगळं तुम्ही कोमट पाण्यात घातलंत."

बिराप्पानं घसा खाकरला. कुणी न विचारता म्हणाला, "चिठ्ठ्या म्या काढल्या सायेब. सरांनी सांगितल्यावर." आणि पुन्हा भिंतीला लागला.

नानासो उठले, मायक्रोस्कोपपाशी आले, फेटा मागं सारून एक डोळा लावला. "ह्ये व्हय? ह्येला माजं नाव द्यायचं चाललं हुतं?"

"आपल्या गौरवार्थ, नानासो," पिसाळ पुटपुटले.

"आवं, तुमी म्हनला जगभर नाव जाईल. मला वाटलं इमारत हाय कायतरी." त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. "अंगभर काटं, आत पोकळ, आन् दार सताड उघडं. ह्यो माजा गौरव व्हय? तालुक्यात कळलं तर इरोधक ताशा लावून फिरवतील. नगं, नगं. ज्येचं हाय त्येलाच द्या." ते वहाणा करकरवत निघून गेले. ते रागावले की हसले ते कुणाला नीट कळलं नाही.

पिसाळांनी रुमालानं मान पुसली. एकदम मवाळ झाले. "डॉक्टरसाहेब, एक गैरसमज आहे. आपण दोघांच्या नावानं करू. माझं आणि ह्यांचं. नाव... नावाचं बघू."

पांढरीपांडे चष्मा पुसत होते. "मी न्यायाधीश नाही. कोणी काय केलं ते तुमच्या विभागात तुम्ही निस्तरा. मी एवढंच जाणतो, ज्याला स्वतःचा होलोटाइप सापडत नाही त्याचं वर्णन मी छापत नाही." त्यांनी पिशवीतून मूळ प्रत काढली आणि पिसाळांपुढं ठेवली. मग विजयमालाकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. ते तिला बरं वाटलं. "महिन्याभरात वर्णन पाठवा. चिठ्ठीची बाजू पहिल्या पानावर लिहा. आकृती चारमध्ये कमरपट्टा थोडा तिरपा काढला आहे तुम्ही, तो तसा नाही. पुन्हा काढा. आणि एका माणसाचं नाव असो की दोघांचं, ते ज्यानं काम केलं त्यानं ठरवावं."

"एकाचं," ती म्हणाली.

"सरतापे, जूनमध्ये तुझी नेमणूक माझ्या सहीनं होते, विसरू नकोस," पिसाळ हळूच म्हणाले.

"नाही विसरत, सर. तुमचं नावही विसरणार नाही. आभारात घालीन, शेवटच्या ओळीत. माझं होतं तिथंच." ती क्षणभर थांबली. "काचांना चिठ्ठ्या लावण्याच्या कामी मदत केल्याबद्दल."

बिराप्पा एकदम खोकायला लागला आणि खोकत खोकतच बाहेर पळाला.

दुपारी विभाग रिकामा झाला. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. राग तसाच होता, चुलीतल्या लाकडासारखा, वरून काळा आणि आतून लाल. जूनला अजून सहा महिने होते. त्या सहीचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. अर्जुना तर परत येणारच नव्हता. तिनं अठरा काचांवरच्या टाइप केलेल्या चिठ्ठ्या एकेक करून ओल्या बोळ्यानं सोडवल्या, जुन्या चिठ्ठ्यांना डिंक लावला, आपापल्या काचेवर बसवल्या. बाण उजवीकडे. मग कोरा कागद ओढला, आणि डाव्या हातानं, बॉलपेन मुठीत आवळून, वर्णन पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली. जातीचं नाव, लॅटिन वळणाचं, 'अर्जुनाई'. त्याखाली तिनं एक ओळ मराठीत लिहिली. ती इंग्रजीत करायची होती, पण आधी ती मराठीत असायला हवी होती.

'नमुना वर काढणारा: अर्जुना धोंडिराम सरतापे, विहीर खोदणारा.'

संध्याकाळी खोलीवर आली तेव्हा जाईबाई पट्टी बांधून भिंतीला टेकून बसली होती. रंगूबाईंची पोरं अंगणात ओरडत होती.

"आलीस? आज हात कापत न्हाई तुजा."

"तुला कसं कळलं? अजून धरलासुदिक नाहीस."

"चालन्यावरनं. सांग, काय झालं?"

विजयमाला तिच्याजवळ बसली. सगळं सांगितलं नाही. कागद काढला, आईच्या मांडीवर पालथा ठेवला आणि तिचं बोट धरून ते त्या ओळीच्या मागच्या बाजूवर फिरवलं. रागात लिहिताना बॉलपेन इतकं दाबलं होतं की अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटली होती, गोंदणासारखी.

जाईबाईला वाचता येत नव्हतं, आणि आज दिसतही नव्हतं. तिनं बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, पुन्हा मागं आणलं.

"ह्येच का त्ये?"

"हेच. अर्जुनाचं नाव."

"लय जोर दिलायस गं."

"राग आला होता, आये."

"असू दे," जाईबाई म्हणाली. तिचं बोट त्या ओळीवरून उठलं नाही. "खोल बसलंय."